सूर्यास्त ते रात्री दहा: गोव्यातल्या तीन दिवसांच्या रिसॉर्ट-लग्नाचं पाहुण्याच्या बाजूने परीक्षण

मजोर्ड्यापासून मोबोरपर्यंत, दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्याच्या किनाऱ्यावर जवळपास प्रत्येक मोठं रिसॉर्ट आता लग्नाचं पॅकेज विकतं, आणि आतला माल बहुतेक सारखाच असतो. दोन रात्री, तीन दिवस, दोघांत एक खोली, नाश्ता, दोन्ही वेळची जेवणं, संध्याकाळचा चहा-फराळ आणि मेंदी, हळद, संगीत, लग्न असे चार कार्यक्रम. यजमान पैसे भरतात, प्लॅनर वेळापत्रक आखतो आणि पाहुण्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक देखणी पीडीएफ येऊन पडते. त्या पीडीएफमध्ये कपड्यांचे रंग असतात, पण मोपाच्या विमानतळाहून रिसॉर्टला पोचायला किती वेळ लागतो हे नसतं. मित्राच्या लग्नाला असं पहिल्यांदाच निघालेल्या माणसाला हे पॅकेज प्रत्यक्षात काय देतं आणि कुठे तोंडघशी पाडतं, त्याबद्दल हे परीक्षण आहे.

निकाल आधीच सांगतो. खोल्या, नाश्ता आणि सजावट पहिल्या दर्जाची. स्वयंपाक गोव्याच्या पदार्थांत उत्तम, मराठी पदार्थांत बेताचा. ने-आण सगळ्यात कच्ची. आणि वेळापत्रक हा या सगळ्या सेवेचा कणा, तो जवळपास नेहमीच मोडतो. तो का मोडतो हे कळलं की पाहुण्याचे निम्मे हाल वाचतात.

गोव्यातल्या लग्नाला दोन घड्याळं असतात. पहिलं सूर्याचं. समुद्राच्या बाजूला मांडव घातला की सगळ्यांना मावळता सूर्य फोटोत हवा असतो. डिसेंबरच्या सुरुवातीला गोव्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जानेवारीअखेर साडेसहाच्या सुमाराला, मे महिन्यात सातच्या आगेमागे. दुसरं घड्याळ कायद्याचं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही, सूट आहे ती बंद सभागृहाला. किनारपट्टीला लागून लोकांची घरं आहेत, तिथली माणसं तक्रार करतात आणि पोलीस येतात, त्यामुळे चांगलं रिसॉर्ट पावणेदहाला डीजेला खूण करतं आणि दहाला वीज काढतं. म्हणजे डिसेंबरच्या लग्नात सूर्यास्त ते दहा एवढे चारच तास हातात. त्यात विधी, आहेर, फोटो, जेवण आणि नाच. नवऱ्या मुलाची मिरवणूक चाळीस मिनिटं उशिरा निघाली की ती चाळीस मिनिटं पुढे कुठेही भरून निघत नाहीत. मग भटजींना विधी आखडते घ्यावे लागतात, पाहुण्यांचं जेवण पुढे सरकतं, किंवा नाचाचा वेळ जातो. बहुतेक वेळा तिन्ही होतं.

गंमत अशी की आपल्या परंपरेत याचं उत्तर आधीपासूनच आहे. गोरज मुहूर्त म्हणजे नेमकी सूर्यास्ताची वेळ. मराठी लग्न किनाऱ्यावर लावायचं तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, फक्त पाहुण्यांनी सव्वापाचला खुर्चीत असलं पाहिजे. पत्रिकेत 6:04 असा मुहूर्त दिसला तर तो खरा धरा. हॉलमधल्या लग्नासारखं दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे इथे चालत नाही. उजेड गेला की गेला.

आता पोचण्याचं. गोव्यात दोन विमानतळ आहेत आणि पहिल्यांदा येणाऱ्यांची सगळ्यात महागडी चूक इथेच होते. दाबोळी मुरगाव तालुक्यात, दक्षिणेच्या किनाऱ्याला जवळ. बाणावली-वार्क्याला तिथून साधारण तासाभरात पोचता येतं. मोपाचा विमानतळ, जिथून जानेवारी 2023 पासून विमानं उडायला लागली, तो पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला खेटून. तिथून कोलवा-बाणावलीचा पट्टा पाऊणशे किलोमीटरच्या आसपास पडतो आणि पर्वरी, पणजी, वेर्णे ओलांडता ओलांडता दोन-अडीच तास सहज जातात. तिकिटाच्या साइटवर दोन्ही ठिकाणी फक्त ‘गोवा’ दिसतं. कोड बघा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. मोपाचं तिकीट हजार-दीड हजाराने स्वस्त मिळालं तरी पुढच्या टॅक्सीत ते पैसे जातात, दोघांत एक टॅक्सी केली तरी. लग्न उत्तर गोव्यात, मांद्रे-मोरजीकडे असेल तर हाच हिशेब बरोबर उलटा.

पॅकेजमध्ये विमानतळाहून ने-आण ‘समाविष्ट’ असते, पण तिचा अर्थ विचारून घ्यावा. बहुतेक ठिकाणी ती ठरावीक वेळांची बस असते, तुमच्या विमानासाठी सुटणारी गाडी नसते. दोन बसमध्ये तीन-तीन तासांचं अंतर असू शकतं, आणि रेल्वेने येणाऱ्यांना तर ती बऱ्याचदा लागूच नसते. विमानाचा किंवा गाडीचा नंबर समन्वयकाला निदान आठ दिवस आधी पाठवा आणि गाडीच्या चालकाचा नंबर आदल्या दिवशी मागून घ्या. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. विमानतळावर प्रीपेड टॅक्सीची खिडकी आहे, टॅक्सी मागवायला गोवामाइल्सचं अ‍ॅप आहे आणि कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, बसही आहेत. रिसॉर्टच्या दारातल्या स्टँडवरची टॅक्सी जवळच्या अंतरालाही चांगलीच महाग पडते, त्यामुळे ‘जरा मडगावात जाऊन येतो’ हे दोघांनी नाही, चौघांनी मिळून करायचं काम.

मुंबईहून रेल्वे हाच खरा आरामाचा मार्ग. कोकणकन्या रात्रीची, मांडवी दिवसाची, शिवाय जनशताब्दी, तेजस आणि जून 2023 पासून वंदे भारत. पुण्याहून मिरज-लोंढामार्गे गोवा एक्सप्रेस. दक्षिणेच्या लग्नाला मडगावला उतरायचं, पणजीजवळच्या लग्नाला करमळी, उत्तर गोव्यात बार्देश तालुक्यातल्या लग्नाला थिवी. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही, आणि लग्नसराईत पहिल्याच दिवशी वेटिंग लागतं. लग्न पावसाळ्यात असेल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, तेव्हा लग्नाच्याच दिवशी सकाळी पोचण्याचा बेत करू नका.

सामानाबद्दल दोन गोष्टी हमखास अडतात. ओटीचं सामान घरून बांधून नेणाऱ्यांनी लक्षात ठेवा: सुक्या खोबऱ्याची वाटी विमानात नेऊ देत नाहीत, कारण ती तेलकट आणि ज्वलनशील धरली जाते. कापूर आणि काड्यापेटीही नाही. हे सगळं मडगावच्या बाजारात मिळतं आणि नारळ तर गोव्यात शोधायची गरजच नाही. दुसरं वजन. देशांतर्गत साध्या तिकिटावर 15 किलो सामान आणि 7 किलो हातातलं. चार कार्यक्रमांचे चार वेगळे पोशाख, त्यांचे जोडे, दागिने, आहेराचा डबा असं सगळं त्यात बसत नाही. तीन पोशाख पुरतात: हळदीला जुना सुती कुर्ता किंवा साडी, संगीताला एक झगमगीत, लग्नाला एक रेशमी. मेंदी हळदीच्या आधी असते, तिला यातलाच कोणताही चालतो. पीडीएफमधले रंग यजमानांच्या फोटोंसाठी असतात. जवळचा रंग पुरेसा असतो, नेमकी छटा कोणी तपासत नाही.

खोली बहुधा दुपारी दोन किंवा तीनला मिळते आणि मेंदी त्याच दिवशी चारला असते. सकाळी अकराला पोचलेला पाहुणा लॉबीत बसून राहतो, हा या पॅकेजचा ठरलेला दोष. हातातल्या पिशवीत मेंदीचे कपडे वेगळे ठेवले तर पोहण्याच्या तलावाजवळच्या चेंजिंग रूममध्ये अंघोळ करून तयार होता येतं, तशी सोय जवळपास प्रत्येक ठिकाणी असते. ओळखपत्र म्हणून आधार, लायसन्स, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. पॅन कार्ड चालत नाही, आणि खोलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं वेगळं लागतं. मिनी बार, लाँड्री, खोलीवर मागवलेलं खाणं हे यजमानांच्या बिलात नसतं. काउंटरवर कार्डातून अनामत धरून ठेवतात, तिची पावती जपून ठेवा.

वयस्कर माणसं सोबत असतील तर एकच प्रश्न आधी विचारा: खोलीपासून लॉनपर्यंत चालत किती अंतर? ही रिसॉर्ट पसरलेली असतात, अर्धा किलोमीटर सहज होतं. बग्गी असते, पण दीडशे पाहुणे एकाच वेळी संध्याकाळी पाचला निघतात आणि बग्ग्या तीन-चार. गुडघ्याचं दुखणं असेल तर बँक्वेट हॉलजवळच्या इमारतीतली तळमजल्याची खोली मागा. चार आठवडे आधी मागितली तर मिळते, काउंटरवर उभं राहून मागितली तर मिळत नाही. आणि व्हीलचेअर वाळूत चालत नाही, तिची पुढची लहान चाकं रुततात. मांडवापर्यंत लाकडी फळ्यांची वाट आहे का ते विचारा. नसेल तर घालायला सांगा, हे मागणं अजिबात जास्तीचं नाही.

मेंदीत अडचण फक्त गणिताची असते. पाहुण्यांचा साधा नक्षीचा एक हात, एका बाजूला, दहा ते पंधरा मिनिटं घेतो. सत्तर बायका, दोन्ही हात, एकेक बाजू म्हटलं तरी तेवीस ते पस्तीस तासांचं काम. सहा मेंदीवाल्या लावल्या तरी चार ते सहा तास. पॅकेजमध्ये बहुधा चारच असतात आणि तीनच तास. तेव्हा पहिल्या तासात नंबर लावा किंवा एकाच हातावर समाधान माना. मेंदी रात्रभर ठेवून खरवडून काढली, पाणी लावलं नाही, तर रंग दुसऱ्या दिवशी चढतो. त्याच संध्याकाळी क्लोरीनच्या तलावात उतरलात तर सकाळपर्यंत फिकी नारिंगी उरते.

हळद सकाळी दहाच्या आसपास, बहुधा तलावाजवळ. मराठी हळद आणि इथली हळद यात फरक आहे. इथे ढोल असतो, पाण्याचे फुगे असतात, पाकळ्यांचा वर्षाव असतो आणि खरी हळद त्यात चिमूटभर. घाणा भरणं, मुसळाला हळद, उष्टी हळद हे सगळं वरमाईने आधी सांगितलं असेल तरच होतं, कारण प्लॅनरचा नमुना उत्तरेकडचा आहे. पाहुण्यांनी जपायचं ते खोलीतल्या पांढऱ्या टॉवेलला. हळदीचा डाग लागलेल्या चादरी-टॉवेलचे पैसे रिसॉर्ट लावतं. डाग पडलाच तर त्यावर साबण घासू नका: साबणातल्या क्षाराने हळद क्षणात लाल होते आणि बघणारा घाबरतो. नुसत्या पाण्यात खळबळून उन्हात वाळत घाला, ऊन हळदीचा रंग उडवतं. त्याआधी हाउसकीपिंगला फोन करून जुने टॉवेल मागून घ्या. ते देतात, पण आपणहून आणून देत नाहीत.

संगीत संध्याकाळी सातला लिहिलेलं असतं आणि साडेआठला सुरू होतं. तिथेही तेच दहाचं घड्याळ. बसवलेले बारा नाच असतील तर आठ होतात, उरलेले आत हॉलमध्ये. लॉनवर आवाज बंद झाला की सगळ्यांना हॉलमध्ये नेतात, तिथे एसी कडक असतो. घामेजलेल्या अंगावर शाल लागते.

आता लग्न, कारण इथे रिसॉर्टची सजावट आणि आपले विधी एकमेकांना आडवे जातात. मांडव समुद्राकडे पाठ करून असतो, म्हणजे पाहुणे पश्चिमेकडे तोंड करून बसतात आणि सूर्यास्ताआधीचा पाऊण तास ऊन थेट डोळ्यांत. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येला मावळतो, समुद्राकडे तोंड केल्यावर डाव्या हाताला. उजवीकडच्या खुर्च्यांवरून मांडवाकडे बघितलं की सूर्य बरोबर समोर येतो. डावीकडे बसा, पण पहिल्या रांगांत नको, चौथ्या-पाचव्या रांगेत. कारण वारा समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून येतो आणि होमाचा धूर सरळ पुढच्या रांगेत शिरतो. होमकुंडाला समुद्राच्या बाजूने पत्र्याचा आडोसा असला तर निखारा टिकतो. नसला तर लाजाहोमाच्या लाह्या कुंडात पडायच्या आधीच उडून जातात.

अंतरपट ही या वाऱ्याची खरी परीक्षा. हॉलमध्ये दोघांनी दोन टोकं धरली की तो सरळ लोंबतो. किनाऱ्यावर तो शिडासारखा फुगतो, एका बाजूला खेचला जातो आणि मंगलाष्टकांच्या दुसऱ्याच कडव्याला नवरीच्या मुंडावळ्यांत अडकतो. ज्यांनी अशी पाच-सहा लग्नं लावलीत ते भटजी अंतरपटाच्या खालच्या काठात आठ-दहा नाणी शिवून घ्यायला सांगतात आणि वरच्या दोन टोकांना दोघं, खालच्या दोन टोकांना दोघं असे चौघं उभे करतात. नवऱ्याचा मित्र म्हणून तुम्हाला खालचं टोक धरायला बोलावलं तर वाकून बसावं लागतं आणि ‘शुभमंगल सावधान’ला पटकन सोडावं लागतं, कडक चुडीदारात हे जमत नाही, धोतर किंवा सैल पायजमा घाला. अक्षता लांबून टाकू नका. वारा समोरून असतो, तांदूळ आपल्याच माणसांच्या केसांत येतात, आणि फुलांच्या पाकळ्या तर हमखास परत येतात. पाच-सहा पावलं पुढे जाऊन खांद्याखालून हलकेच टाकल्या तर पोचतात. प्लास्टिकच्या चमचमत्या कागदांच्या तोफा किनाऱ्यावर कोणी काढल्या तर थांबवा, ते सगळं भरतीबरोबर समुद्रात जातं.

भरतीचंही तेच. दिवसाला दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त वर चढतं. चांगला प्लॅनर भरतीचं कोष्टक बघूनच खुर्च्या मांडतो. पहिल्या रांगेच्या पायाशी वाळू ओली दिसली तर मागे सरका. उंच टाचेचे जोडे वाळूत दोन इंच रुततात. कोल्हापुरी सपाट असते, पण ओल्या वाळूने तिचं चामडं फुगतं. सगळ्यात बरं म्हणजे रबरी तळाचे मोजडीसारखे सपाट जोडे. नऊवारी नेसलेल्या बायका इथे सगळ्यांत सुखात असतात, निऱ्या वाळूत ओढल्या जात नाहीत. सूर्यास्तानंतर अर्धा तास डास आणि वाळूतल्या बारीक माशा चावतात. ओडोमॉस पायांना लावूनच निघा.

जेवणाबद्दल एकच आग्रह: गोव्याचं खा. या स्वयंपाकघरांतलं वरण-भात आणि अळूची भाजी पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून केलेली असते आणि चव तशीच लागते. शागुती (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा रस्सा), काफ्रियाल (हिरव्या मसाल्यातली कोंबडी), पोई या गोव्याच्या पावासोबत गरम कालवण, सोलकढी यांत मात्र तिथल्या स्वयंपाक्यांचा हात बसलेला असतो. शाकाहाऱ्यांनी खतखतें शोधावं. अनेक भाज्या, ओलं खोबरं आणि तिरफळांचा तो वास दुसरीकडे कुठे मिळत नाही. मश्रूमची शागुतीही बहुतेक ठिकाणी करतात. गोड म्हणून बेबिंक (थरांचा गोव्याचा केक) थोडं गरम करून मागा, थंड खाल्लं तर नुसतं तूप जाणवतं. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, त्या दिवसांतल्या लग्नात मासळीच्या काउंटरवर फार भिस्त ठेवू नका. मधुमेहाच्या पाहुण्यांनी चहाच्या वेळी नीट खावं, कारण लग्नाच्या रात्रीचं जेवण साडेआठ-नऊच्या आत लागत नाही आणि मधले दोन तास फक्त तळलेले तुकडे फिरत असतात. दारूचा ग्लास घेऊन किनाऱ्यावर उतरू नका, गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर पिण्याला बंदी आहे आणि दंड होतो.

आहेर पाकिटातच द्या. नवरा-नवरीलाही त्याच 15 किलोत परत जायचं असतं. मोठी वस्तू द्यायची तर त्यांच्या घरी आठवड्याने कुरियरने पाठवा. पाकिटावर नाव आणि गाव ठळक लिहा आणि ते काउंटरवरच्या पेटीत न टाकता घरच्या माणसाच्या हातात द्या.

तिसऱ्या दिवशी अकरा-बाराला खोली सोडावी लागते आणि परतीची बस बहुधा फक्त दुपारची असते. मोपाहून संध्याकाळचं विमान असेल तर चौघांनी मिळून दिवसाची टॅक्सी करा आणि फोंड्यावरून जा. कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा, मंगेशी ही देवळं एकाच वाटेवर लागतात, पुढे बाणस्तारी, जुनं गोवं आणि पणजी करत मोपा. देवळांत अर्धी चड्डी आणि बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत, तेव्हा प्रवासाचे कपडे त्या हिशेबाने घाला. निघण्याआधी काउंटरवर बिलाची छापील प्रत मागा आणि मिनी बारची ओळ वाचा. खोलीत आधीच्या पाहुण्याने उघडलेली पाण्याची बाटली तुमच्या नावावर लागलेली सापडू शकते. अनामत सुटल्याचा मेसेज यायला काही दिवस लागतात, पावती तोवर फेकू नका.